मागून भरायच्या तोफेचा माग

चाकणच्या तळेगाव चौकात तुम्ही अडकला आहात. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, डावीकडे नव्याकोऱ्या मोटारी लादलेला लांबलचक ट्रेलर आणि उजवीकडे कांद्याच्या गोण्यांनी फुगलेला टेम्पो. हेल्मेटच्या आत घाम कानामागून मानेवर उतरतोय. शिफ्ट सुटली आहे, कंपन्यांच्या बसगाड्या हॉर्नवर हॉर्न देताहेत आणि डिझेलच्या धुरात ओल्या गोणपाटाचा वास मिसळला आहे. ही कोंडी इतक्यात सुटायची नाही. तेव्हा गाडी कडेला लावा, हेल्मेट काढा, मोबाइल बंद करा आणि माझ्याबरोबर चला. आपल्याला एका तोफेचा माग काढायचा आहे.

गावठाणात शिरलात की घरांच्या आडोशाला संग्रामदुर्ग लागतो. डोंगर नाही, चढण नाही, सपाटीवरचा भुईकोट. तटाचे काही तुकडे, काही बुरूज आणि खंदकाची खूण एवढंच आता उरलं आहे. बुरुजाच्या दगडावर तळहात टेका. उन्हानं तापलेला लागतो ना? आता पुढचं पाऊल जरा उंच उचला, कारण ते १६६० सालच्या पावसाळ्यात पडणार आहे आणि तिथे चिखल घोट्याच्या वर आहे.

पडलात? उठा. इथे सगळेच पडतात.

सगळ्यात आधी नाकाला कळतं. भिजलेल्या घोंगड्यांचा उग्र, लोकरी वास. त्याखाली घोड्यांची लीद, कुजलेला कडबा, न पेटणाऱ्या लाकडांचा डोळ्यांत पाणी आणणारा धूर. आणि या सगळ्यावर गंधकाचा वास, जो एकदा घशात बसला की पाणी पिऊनही जात नाही. मग आवाज ऐकू येतात. तटाबाहेर नगारे, हत्तींचे चीत्कार, बेलदारांच्या कुदळींचे ठोके. शाहिस्तेखानाची हजारोंची फौज किल्ल्याला चारी बाजूंनी मोर्चे लावून बसली आहे आणि आत माणसं आहेत साडेतीनशेच्या आसपास. त्यांत आता तुम्ही एक.

वेळ काय झाली हे विचारू नका. ढगांनी दिवस आणि संध्याकाळ यांतला फरक पुसून टाकला आहे. कुणीतरी तुमच्या हातात भाकरी ठेवतं. एका बाजूनं करपलेली, मधे कच्ची, कारण चूल धड पेटत नाही. सोबत मीठ, लसूण आणि कांदा. बटाट्याची भाजी मागू नका. आज चाकणच्या बाजारात बटाट्याचे ढीग लागत असले तरी तो अजून इथल्या मातीत आलेलाच नाही. चहाही नाही. भाकरीचा तुकडा मोडताना तुमच्या लक्षात येईल की शेजारचा माणूस सारखा पायाची बोटं चोळतोय. त्याला चिखल्या झाल्या आहेत. आठ-दहा दिवस पाय कोरडा न झालेल्या प्रत्येकाला त्या झाल्या आहेत. वेढ्याच्या गोष्टींत तलवारी असतात, चिखल्या नसतात; पण इथे रात्री माणूस कण्हतो तो बहुतेक वेळा पायांमुळे. दोन घास झाले की तुमचीही बोटं चुरचुरू लागतील.

वारा छावणीकडून आला की तळणाचा वास येतो. तिकडे मोठा बाजार भरला आहे. इकडची माणसं तो वास आला की बोलायची थांबतात.

आता फांजीवर, म्हणजे तटावरच्या वाटेवर, चढा. पायऱ्या शेवाळल्या आहेत, हातानं दगड धरून चढा आणि डोकं खाली ठेवा. चर्यांच्या वर डोकं काढाल तर समोरच्या मोर्चातून जंबुऱ्याचा बार येईल.

या बुरुजावर मी तुमच्यासाठी एक जुनी तोफ आणून ठेवली आहे. ही मोकळीक माझी. तोफ मात्र मनातली नाही, तसल्या तोफा या मुलखातल्या किल्ल्यांना नव्या नव्हत्या. तोफ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे विजापूरची मुलूखमैदान येते, तिचा तो जबडा, तिचा तो टनावारी धातू. ते चित्र बाजूला सारा. ही तोफ माणसाच्या उंचीएवढी लांब आहे आणि दोन-तीन गडी तिला उचलू शकतात. मोठ्या तोफांची नावं असतात, त्यांना शेंदूर लागतो, त्यांच्यापुढे नारळ फुटतात. हिला कुणी नाव ठेवलेलं नाही. तरी मला हीच जास्त जवळची वाटते, कारण हिचं सगळं माप माणसाच्या हाताचं आहे.

जवळ बसा आणि नीट बघा. नळी लोखंडाची आहे, पण एकसंध नाही. आधी लांब लोखंडी पट्ट्या एकमेकींना लावून त्यांची नळी केली आहे आणि मग तापवलेली कडी तिच्यावर एकापुढे एक चढवली आहेत. कडी निवताना आवळली आणि पट्ट्या घट्ट धरून बसली. बोट फिरवलंत तर प्रत्येक कड्याचा उंचवटा लागेल. मधोमध दोन्ही बाजूंना खुंट आहेत, ते लोखंडी दुबेळक्यात अडकवले आहेत आणि दुबेळक्याचा दांडा चिऱ्यातल्या भोकात फिरतो. म्हणजे एकटा माणूस ती डावीउजवी, वरखाली वळवू शकतो. त्यासाठी मागे एक लांब लोखंडी शेपूट आहे. गोलंदाज ते काखेत धरतो.

आता तिची खरी गंमत. नळीला मागून बूड नाही. बूड असायला हवं तिथे वरून उघडी, लांबट खोबण आहे. नळीतून मागून पाहिलंत तर पुढच्या तोंडातून पाऊस पडताना दिसेल. आणि भिंतीच्या आडोशाला, गोणपाटाखाली, चार लोखंडी भांडी मांडून ठेवली आहेत. आकार पाणी प्यायच्या तांब्याचा, पण जाड आणि जड, बाजूला धरायला मूठ. दारू भरायची ती या भांड्यांत. नळीत नाही.

गोलंदाजाची एक भुवई जळून गेली आहे. तो तुमच्याकडे न बघताच हात पुढे करतो. तुम्ही मुठीत मावेल एवढा गोळा त्याच्या हातात द्यायचा. तो गोळा मागूनच नळीत सरकवतो. मग तुम्ही एक भांडं उचला. सांभाळून, दोन्ही हातांनी, आडवं करू नका. भांड्याच्या तोंडाशी लाकडी गुडदी ठोकलेली आहे, म्हणून दारू सांडत नाही. तो ते भांडं खोबणीत बसवतो, त्याचं तोंड नळीच्या मागच्या तोंडात दाबतो, मागच्या फटीत लोखंडी पाचर घालतो आणि हातोडा मारतो. एक. दोन. तिसरा घाव बसला की आवाज बदलतो, बोदा होता तो भरीव होतो. त्या आवाजाकडे त्याचा कान आहे. मग भांड्याच्या वरच्या भोकात, ज्याला हे लोक तोफेचाही कानच म्हणतात, चिमूटभर रंजक, म्हणजे बत्ती द्यायची बारीक दारू. वर तळहाताचा आडोसा, कारण पाऊस आहे. दुसऱ्या हातात पेटता तोडा.

“व्हा मागं!”

तो हे सांगतो तेव्हा खरंच मागे व्हा. बार झाला की जाळ दोन्हीकडून येतो. पुढून तर येतोच, पण भांडं आणि नळी यांच्या सांध्यातूनही फुसकन् एक पिवळी जीभ निघते. गोलंदाजाची भुवई तिनंच नेली. कानांत दडे बसतात. छातीत काहीतरी हलतं आणि मग बराच वेळ तोंडात जळकी, आंबूस चव राहते.

पण थांबायला वेळ कुठाय? त्यानं पाचर ठोकून सैल केली, ओल्या फडक्यानं तापलेल्या भांड्याची मूठ धरली, ते बाजूला ठेवलं आणि पुन्हा हात पुढे केला. गोळा. भांडं. पाचर. बार. तिसरं भांडं. चौथं. शेजारच्या बुरुजावर ठासणीच्या तोफेचे लोक अजून नळीत गज घालून दारू ठासताहेत. त्यांना गज घालायचा तर तोफ आत ओढावी लागते, नाहीतर चर्यांबाहेर छाती काढून तोंडाशी उभं राहावं लागतं. आपला गोलंदाज भिंतीच्या आडून हललासुद्धा नाही.

ही तोफ का केली, ते आता तुमच्या हातांना कळलं असेल. चार भांडी संपली की मात्र हिचा जोर संपतो. मग रिकामी भांडी पुन्हा भरायची, आणि या पावसात कोरडी दारू आणायची कुठून, हा दुसरा प्रश्न.

इथे फार वेळ थांबू नका. ईशान्येच्या बुरुजाखाली जमिनीच्या पोटात बेलदारांचे हात चालू आहेत. वेढ्याला दोन महिने होत आले आहेत. १४ ऑगस्टच्या दुपारी तो सुरुंग उडेल, बुरूज त्याच्यावरच्या माणसांसकट आकाशात जाईल आणि मुघल फौज खिंडारावर धावून येईल. आतल्यांनी खिंडाराच्या मागे मातीचा बांध घातलेला आहे. त्याच्या आडून ते बाण, दारूचे हुक्के आणि दगड यांच्या जोरावर रात्रभर तग धरतील. दुसऱ्या दिवशी किल्ला जाईल. मुघलांचे २६८ मेले आणि सहाशे जखमी झाले, एवढी किंमत सपाटीवरच्या या छोट्या कोटानं घेतली. किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांना खान चाकरी देऊ करील आणि ते नको म्हणतील. हे सगळं तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. आपण तोफेच्या मागावर आहोत, आणि तोफ या किल्ल्यात जन्मलेली नाही. चला, मागे.

घाटानं उतरायचं आहे. लमाणांच्या तांड्याबरोबर चालत राहा. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, खालून वर येणारी दमट हवा, पायाखाली निसटते दगड. ओझ्याचे बैल या वाटेनं वर आणतात मीठ, खारीक, सुके मासे. आणि कधी कधी काथ्याच्या दोरांनी बांधलेलं, गोणपाटात गुंडाळलेलं लांबट लोखंडही. घाट उतरलात की घाम बदलतो. चिकट होतो. चौलच्या बंदरात पोहोचाल तेव्हा अंगरखा पाठीला डकलेला असेल.

चौलमध्ये जिभांची गर्दी आहे. मराठी, गुजराती, फारसी, अरबी आणि खाडीच्या तोंडाशी रेवदंड्याकडे पोर्तुगीज. एका गलबतातून अरबी घोडे उतरवताहेत, त्यांचे पाय थरथरताहेत. इतके दिवस त्यांना जमीन ठाऊक नाही. काथ्या, राळ, सुकत टाकलेले बोंबील. धक्क्याला लागलेल्या पोर्तुगीज जहाजाच्या कठड्याकडे बघा. दुबेळक्यात बसवलेल्या छोट्या तोफा, मागे शेपूट, खोबणीत भांडं. ओळखलीत? पोर्तुगीज हिला बेर्सू म्हणतात.

जहाजावर ती का, हे समजायला कठड्याशी उभे राहा. खाली पाणी हेलकावतंय. तोफेचं तोंड कठड्याबाहेर आहे. पुढून भरायची म्हटली तर तुम्हाला समुद्रावर लटकावं लागेल आणि पलीकडच्या जहाजावरचे धनुर्धारी तेवढीच वाट बघताहेत. मागून भरायची तोफ किल्ल्याआधी दर्याला हवी होती. शत्रूचं गलबत अंगाला भिडायला येतं तेव्हा लांबचा मारा कामाचा नसतो. पटापट चार-पाच बार हवेत, गोळ्याऐवजी छर्रे भरून, समोरच्या डेकवर माणूस उभा राहू नये म्हणून.

आता या जहाजाबरोबर गोव्याला चला. वर्षं आणखी मागे जातील, १५७० च्या पुढेमागे कुठेतरी आपण उतरू.

मांडवीच्या काठच्या गोदीत उष्मा दोन प्रकारचा आहे. एक वरून, दुसरा भट्टीतून. हत्ती सोंडेनं ओंडके सरकवताहेत. वासल्यांचा ठकठकाट, शिवणीत भरायच्या काथ्याचा आणि उकळत्या राळेचा वास. ओतशाळेच्या दारात पाय ठेवलात की चेहऱ्याची कातडी ताणल्यासारखी होते. आत जमिनीत खोल खड्डा आहे आणि त्यात साचा उभा केला आहे. मातीत लीद आणि केस कालवून थरावर थर दिलेला, वाळवलेला, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला. केस आणि लीद का? जळून गेल्यावर त्यांच्या जागी बारीक वाटा राहतात आणि तापलेल्या धातूतली वाफ त्यांतून निघून जाते. तसं झालं नाही तर धातूत पोकळ्या राहतात आणि तोफ पहिल्याच बाराला फुटते.

तांबं लिस्बनहून जहाजात भरून आलेलं आहे. कथील मलाक्काकडचं. उस्ताद पोर्तुगीज आहे. भाता मारणारे, माती तिंबणारे, कानस लावणारे इथले. ते आपसांत कोकणीत बोलताहेत. ओझी वाहणाऱ्यांत काहींच्या पायांत बेड्या आहेत. त्यांच्यातली कित्येक माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून विकून आणलेली आहेत. ही तोफ कुणी केली असं पुढे कुणी विचारील तेव्हा त्यांचं नाव कुठल्याच नळीवर नसेल. म्हणून इथे जरा थांबा आणि त्यांचे चेहरे बघा.

भट्टीचं तोंड फोडलं. पांढरट केशरी धार पन्हळीतून सरपटत खड्ड्याकडे निघाली. ओरडा, धावपळ, कुणीतरी मंत्रासारखं काही पुटपुटतंय, कुणी क्रूस करतंय. धार तुटता कामा नये. तुटली तर सगळं वाया. ज्वाळांना हिरवी झाक आहे, ती तांब्याची. तुमच्या पापण्या कोरड्या पडल्या तरी डोळे मिटवत नाहीत. मग साचा भरतो आणि एकदम शांतता होते. आता दिवसचे दिवस निवू द्यायचं.

शेजारच्या पडवीत लोहार बसले आहेत. नळी काशाची ओतली तरी दारूची भांडी लोखंडाची घडवायची आहेत, कारण मार खायचा तो त्यांनी. लोहार भांड्याचं तोंड नळीत बसवून बघतो, काढतो, कानस मारतो, पुन्हा बसवतो. नळी आणि भांडं यांची जोडी जमते ती या माणसाच्या बोटांच्या टोकाशी. फट राहिली तर जाळ बाहेर पडेल, घट्ट झालं तर लढाईत निघणार नाही. त्याच्याजवळ मापायला यंत्र नाही. तो भांडं फिरवतो आणि डोळे मिटून ऐकतो.

तर मग तोफ गोव्याची? पोर्तुगीजांची? घाई करू नका. अजून मागे चला. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात शिरले तेव्हा आदिलशाहीच्या ओतशाळा आणि लोहारकाम इथे चालू होतं. इथल्या बंदुका करणाऱ्या कारागिरांचं काम बघून पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कनं आपल्या राजाला त्यांची तारीफ लिहून धाडली. त्याच्याही आधी काही वर्षं मिलानचे दोन ओतारी पोर्तुगीजांना सोडून कालिकतच्या सामुरीकडे गेले आणि त्याच्यासाठी तोफा करू लागले. नगरला १५४९ मध्ये मुलूखमैदान ओतली ती एका रुमी उस्तादानं, म्हणजे तुर्कांच्या मुलखातून आलेल्या माणसानं. बाबराच्या तोफखान्यातही ‘फिरंगी’ म्हणवणारी तोफ होती, आणि ती काही गोव्याहून गेलेली नव्हती. तिचा रस्ता तुर्कांकडून आला. तुर्क अशा छोट्या तोफांना ‘प्रांगी’ म्हणत. म्हणजे एक वाट समुद्रानं आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालून आली, दुसरी तांबड्या समुद्राकडून आणि काबूलकडून. दख्खनच्या ओतशाळांत दोन्ही भेटल्या. वाट कुठलीही असो, चालत आले ते माणसाचे पाय. जास्त पगाराच्या आशेनं दरबार बदलणारे, जहाज सोडून पळालेले, कैद झालेले ओतारी आणि लोहार. नकाशावर बाण काढून तंत्रज्ञान इकडून तिकडे गेलं असं दाखवतात. बाण कधी चालत नाहीत.

पूर्वेकडेही डोकावून घ्या, कारण तिकडची गोष्ट अधिक स्पष्ट लिहून ठेवलेली आहे. चीनमधल्या कॅन्टनच्या किनाऱ्यावर १५२१-२२ मध्ये पोर्तुगीजांशी चकमकी झाल्या आणि मिंग आरमारानं त्यांच्या तोफा पकडल्या. चिन्यांनी नाव दिलं ‘फोलांगची’. कानाला फिरंगीच लागतं. त्यांनी तिची नक्कल करून थांबण्याऐवजी ती शेकड्यांनी घडवली, लहानमोठ्या मापांत, नौकांसाठी आणि उत्तरेच्या सरहद्दीवरच्या तटांसाठी. नळीला ते म्हणत आई आणि दारूच्या भांड्यांना पोरं. एका आईला पोरं अनेक. सरहद्दीच्या एखाद्या बुरुजावर जाऊन बघा. थंडीनं बोटं बधिर झालेला शिपाई पोरं ओळीनं लावतोय. तोफेवर आकडा आणि वर्ष कोरलेलं आहे, पोरावरही आकडा आहे, म्हणजे कुणाचं पोर कुणाच्या पदरी हे अंधारात हातानंसुद्धा कळावं.

आणि जपान. बुंगोचा सरदार ओतोमो सोरिन याच्याकडे १५७६ च्या सुमारास पोर्तुगीजांकडून अशी मोठी तोफ आली. दहा वर्षांनी उसुकीच्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हा ती वाजली आणि वेढा घालणारे हबकले. तिचं नाव पडलं कुनिकुझुशी, देश ढासळवणारी. ही तोफ आज टोकियोत यासुकुनी देवळाच्या संग्रहालयात आहे आणि ती गोव्यात ओतली असावी असं मानतात. मांडवीच्या काठावर तुमच्या पापण्या कोरड्या झाल्या, तसल्याच एका खड्ड्यातून ती निघाली असेल.

आता परत या. अंग झटका, कानांतले दडे निघू द्या. आणि थेट घरी जाण्याआधी भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या शेडमध्ये शिरा. कटिंग ऑइलचा वास, लेथची घरघर, फरशीवर निळसर चकचकीत कीस. कामगार एक भाग दुसऱ्यात बसवून बघतोय, काढतोय, मायक्रोमीटर लावतोय, पुन्हा बसवतोय. गोव्याच्या पडवीतल्या लोहाराचं दुखणं होतं तेच इथे आहे: दोन तुकड्यांमधली फट. मागून भरायची तोफ चार शतकं मागे पडली ती याच फटीमुळे. जाळ गळतो म्हणून दारू कमी भरायची, दारू कमी म्हणून तोफ लहान ठेवायची. मोठ्या तोफा पुढून ठासायच्या राहिल्या. एकोणिसाव्या शतकात पोलाद सुधारलं, आट्यांचं आणि घट्ट बसणारं बूड आलं, गळती थांबली, आणि मग जगातली प्रत्येक मोठी तोफ मागून भरू लागली. पुण्यात पाषाणला डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं आखलेली १५५ मिलिमीटरची हॉवित्झरही मागूनच भरते. चाकणच्या बुरुजावर भुवई जळालेल्या माणसाची अक्कल चुकली नव्हती. त्याचं लोखंड त्याला पुरं पडलं नाही.

हा सगळा प्रवास केल्यावर एक गोष्ट मी ठामपणे सांगतो. किल्ल्यांवर आणि संग्रहालयांत मागून उघडी, शेपटीची तोफ दिसली की पाटीवर सर्रास ‘पोर्तुगीज तोफ’ लिहितात. तसं लिहू नये. आराखडा फिरंग्याच्या जहाजातून आला असेल, पण तेवढ्यावरून तोफेची जात ठरत नाही. बोट फिरवून बघा. पोर्तुगालचं राजचिन्ह किंवा गोलयंत्राची खूण ओतलेली असेल तर गोष्ट वेगळी. पट्ट्यांवर कडी चढवलेली दिसली तर ती लोहाराच्या ऐरणीवर झाली आहे आणि दख्खनमध्ये असे लोहार भरपूर होते. चिनी तोफेवर आकडे सापडतील. पाचरीचं भोक कसं पाडलंय, खोबण नळीबरोबर घडवली आहे की मागून जोडली आहे, शेपूट कुठून सुरू होतं, हे बघा. आशियातल्या या तोफांना एक जन्मगाव नाही. त्या जिथे घडल्या तिथल्या हातांच्या आहेत, आणि आपल्याकडच्या पुष्कळ तोफा आपल्याच माणसांच्या हातच्या आहेत.

आणि नळीपेक्षा भांडं मोलाचं आहे. नळी मोठी असते म्हणून ती उरते. भांडी सुटी, म्हणून ती हरवतात. शेतात नांगराला लागलेला, विहिरीचा गाळ काढताना निघालेला, मूठ असलेला जाड लोखंडी तुकडा कुणालाही भंगार वाटतो. पुणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात रोज कुठेतरी पाया खणला जातोय, रस्ता रुंद होतोय, जेसीबी मातीत दात घालतोय. असं काही हाती लागलं तर ते काट्यावर नेऊ नका, घासून चकचकीत करू नका, तेलरंग तर मुळीच देऊ नका. गंजाच्या थरातही माहिती असते. जिथे सापडलं तिथेच त्याचा फोटो काढा, किती खोल होतं ते लिहून ठेवा आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं हे १८७८ च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारकच आहे.